कोहळगडाची खालची पायरी

मोहिनी देवरेची बावीस वर्षं नाशिकच्या अंबड भागातल्या एका कारखान्यात यंत्रांचे सुटे भाग तपासण्यात गेली होती. ट्रेमधला एकेक भाग उचलायचा, मापाला लावायचा, बसला तर उजवीकडे, नाही बसला तर डावीकडे. केसाएवढा फरक तिच्या बोटांना आधी कळायचा, व्हर्निअर नंतर सांगायचं. सुपरवायझर बदलले, मशिनं बदलली, पण मोहिनीताईंनी पास केलेला माल कधी परत आला नाही, असं खात्यात अजून बोललं जातं.

किल्ल्यांचा नाद तिला चाळिशीत लागला. कंपनीची सहल हातगडावर गेली होती. बाकीच्या बायका वरच्या वाऱ्यात ओढण्या सावरत फोटो काढत होत्या आणि मोहिनी दरवाजाच्या चौकटीला वीत लावून बघत होती. इतका मोठा दगड, न क्रेन न लेथ, आणि सांधा असा की नखसुद्धा आत जाऊ नये! घरी आल्यावर रात्रभर तिच्या डोळ्यांसमोर तो सांधा होता. पुढच्या शनिवारी तिने नवऱ्याला, शेखरला, मोटरसायकल काढायला लावली. अंबडला सुट्टी शनिवारची, त्यामुळे किल्ल्यांवर गर्दी नसे. शेखरचं स्टेशनरीचं दुकान होतं आणि गुडघा दुखरा होता. तो पायथ्याच्या गावात चहा पीत बसायचा, ती वर जाऊन यायची. उतरताना तिच्या पिशवीत मेजरटेप, पोलादी पट्टी आणि मापांनी भरलेली वही असायची. पायरीची उंची, टाक्याची खोली, तटाची जाडी. हे कशाला, असं शेखरने एकदाच विचारलं.

सहा वर्षांत चाळीसेक किल्ले झाले. मग गेल्या डिसेंबरात ती कोहळगडावर पोहोचली.

सुरगाण्याच्या पलीकडे, जिथे महाराष्ट्र संपतो आणि गुजरातेतल्या डांगचं रान सुरू होतं, तिथल्या सागाच्या आणि बांबूच्या गर्दीत हा लहानसा डोंगर उभा. पायथ्याशी बारा-पंधरा घरांची वाडी. वाटाड्या म्हणून वाडीतल्या ठमाबाई पुढे झाल्या. साठीच्या पुढच्या, काटक, पायात चप्पल नाही आणि हातात कोयता. त्या झपझप चालायच्या आणि मोहिनी मागे धापा टाकायची. गडावर बघण्यासारखं फार नव्हतं. पाण्याची दोन टाकी, तटाचा एक तुकडा आणि कातळात खोदलेल्या चोवीस पायऱ्या. दरवाजा नाहीच. नाशिकच्या गडप्रेमी मंडळींनी तिला आधीच सांगितलं होतं की हा नुसता टेहळणीचा डोंगर आहे, दरवाजा असण्याइतका तो मोठा कधी नव्हताच.

पायवाट डाव्या बाजूने येऊन सगळ्यात खालच्या पायरीला भिडत होती. मोहिनी सवयीप्रमाणे खाली बसली आणि पट्टी लावू लागली. पाय पडून पडून पायऱ्या मध्यभागी झिजल्या होत्या. वरची झीज तिने लिहिली, मधली लिहिली. खालच्या पायरीशी आली आणि थांबली. पट्टी पुन्हा लावली. मग तिसऱ्यांदा.

माणसं जर डावीकडून येत असतील, तर ही पायरी डाव्या कडेला झिजायला हवी होती. कडेला तर छिन्नीचे घाव जसेच्या तसे होते. झीज होती बरोबर मधोमध आणि वरच्या पायऱ्यांइतकीच खोल. म्हणजे शेकडो वर्षं माणसं या पायरीवर समोरून आली होती. खालून, सरळ वर. आणि समोर तर कारवीने भरलेला मातीचा उतार होता.

तिने ठमाबाईंना जवळ बोलावलं, त्यांचा हात धरून बोटं आधी कडेवर आणि मग मधल्या खळग्यावर फिरवली. मग ठमाबाईंनी हनुवटीने उताराकडे खुणावलं.

"पायऱ्या खाली गेल्या हायेत," त्या म्हणाल्या.

"मलाही तेच वाटतंय मावशी. ही पहिली पायरी नाहीच. मधलीच कुठली तरी आहे."

तेव्हा ठमाबाईंनी सांगितलं की त्याच उताराच्या पोटात, मोठ्या धोंड्यांच्या आड, एक जागा आहे. उन्हाळ्यात सगळं रान तापलेलं असताना तिथून गार वारा येतो. त्यांच्या शेळ्या भर दुपारी तिथेच जाऊन बसतात. लहानपणापासून त्या तिला वाऱ्याची जागा म्हणत आल्या होत्या. वारा कुठून येतो, हे त्यांना कधी कुणी विचारलं नव्हतं.

सूर्य कलायला लागला होता आणि खाली शेखर वाट बघत होता, म्हणून त्या दिवशी दोघींना परतावं लागलं. नाशिकपर्यंतचे शंभरेक किलोमीटर मोहिनी मागच्या सीटवर बसून शेखरच्या कानात ओरडत होती. वाऱ्यात त्याला निम्मं कळत होतं. वणीला चहाला थांबले तेव्हा तिने बिस्किटांच्या पायऱ्या रचून त्याला सगळं पुन्हा समजावलं. शेखरने बिस्किटांकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि विचारलं, "पुढचा शनिवार?"

पुढचे तीन शनिवार परवानगीत गेले. रान वनखात्याचं होतं. तिथला वनरक्षक समजूतदार निघाला. त्याने वहीतली मापं नीट पाहिली आणि सांगितलं की माती खणायची नाही, झाड तोडायचं नाही, पण पाचोळा बाजूला करून आत डोकवायला त्याची हरकत नाही. तो स्वतः सोबत यायला तयार झाला. मलाही बघायचंय, म्हणाला.

जानेवारीच्या अखेरीस मोहिनी, ठमाबाई आणि वनरक्षक असे तिघं वाऱ्याच्या जागी पोहोचले. तीन धोंडे एकमेकांवर रेलले होते आणि त्यांच्यामध्ये माणूस आडवा होऊन जेमतेम सरकेल एवढी फट. ठमाबाईंनी आत लांब काठी घालून ढवळलं, दगड टाकले, कान लावून ऐकलं. साप नाही, अस्वल नाही, म्हणाल्या. वटवाघळं आहेत, पण ती आपल्याला घाबरतात. वनरक्षकाने धोंडे हलवून पाहिले. ते पक्के होते. कोण आत जाणार, यावर चर्चा झालीच नाही. मोहिनीने कंबरेला दोर बांधून घेतला, टॉर्च दातात धरली आणि पोटावर सरपटत आत शिरली.

आठ-दहा हात गेल्यावर छत उंच झालं. ती गुडघ्यांवर उठली, मग उभी राहिली. टॉर्च फिरवली.

समोर दरवाजा होता.

पूर्ण कमान. अर्धी मातीत बुडालेली, पण एकही दगड न निखळलेली. डाव्या चौकटीत अडसराचं चौकोनी भोक. वर बिजागरीच्या खुंटासाठी कोरलेली गोल खळगी, आत अजून गुळगुळीत. दरड वरून आली होती आणि तिने दरवाजा मोडला नव्हता, नुसता पुरून ठेवला होता. मोहिनीने कमानीच्या दोन दगडांमधल्या सांध्यावर नख लावलं. नख आत गेलं नाही. ती हसायला लागली, एकटीच, अंधारात. तिचं हसणं ऐकून बाहेर वनरक्षक घाबरला आणि दोर ओढू लागला. ती ओरडून म्हणाली, "ओढू नका! मावशींना आत पाठवा!"

ठमाबाई तिच्यापेक्षा चपळाईने आत आल्या. कमानीच्या उजव्या हाताला पहारेकऱ्यांची देवडी होती, चार माणसं बसतील एवढी. तिथवर माती पोहोचली नव्हती. मोहिनी भिंतीला टेप लावत होती, तेवढ्यात ठमाबाई देवडीच्या ओट्यावर वाकल्या आणि हाताने धूळ पुसू लागल्या. दगडात वाटीएवढे खळगे होते, सात-सातच्या दोन ओळी.

"हे काय असेल मावशी? उखळं?"

"उखळं नाय. हा चिंचोक्यांचा खेळ हाय. आम्ही मातीत खड्डे करून खेळायचो."

तिच्या वहीत आजवर दगडच होते. या ओट्यावर कुणीतरी कंटाळून बसलं असेल, दरवाजा लावून, बाहेर हे एवढं रान पसरलेलं, आणि समोरच्या गड्याशी हुज्जत घातली असेल की खडा तू सरकवलास. ठमाबाईंनी ओटीतून मोहाच्या बिया काढल्या आणि खळग्यांत चार-चार टाकायला सुरुवात केली. टॉर्चच्या उजेडात दोघी दोन डाव खेळल्या. मोहिनी दोन्ही हरली. वनरक्षक बाहेरून विचारत राहिला की इतका वेळ आत चाललंय काय.

पुढचं सगळं रीतसर झालं. वनरक्षकाने वर कळवलं, पत्रं गेली, आणि मार्चमध्ये पुरातत्त्व खात्याकडून एक तरुण अधिकारी बाई आल्या. फटीतून आत जाऊन तासाभराने बाहेर आल्या तेव्हा त्यांचे केस मातीने भरले होते आणि डोळे चमकत होते. त्यांनी वही मागून घेतली, पानापानाचे फोटो काढले आणि मोहिनी कुठल्या कॉलेजात शिकवते, असं विचारलं. अंबडला इन्स्पेक्शनला आहे, म्हटल्यावर त्यांनी पुन्हा एकदा वहीकडे पाहिलं. मातीखाली आणखी किती पायऱ्या असाव्यात, हेही त्यांनी तिलाच विचारलं. मोहिनीने उताराचा कोन आणि पायरीची उंची धरून हिशेब केला होता. सतरा, ती म्हणाली. एखादी इकडेतिकडे.

अहवालाची प्रत मे महिन्यात आली. शोध लावणाऱ्यांमध्ये दोन नावं होती. मोहिनीने वाडीतल्या एका फोनवर ठमाबाईंना बोलावून घेतलं आणि तो परिच्छेद दोनदा वाचून दाखवला. पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता. मग ठमाबाई म्हणाल्या की नाव लिहिलं ते चांगलं झालं, पण माती काढायला माणसं कधी येणार ते त्यात लिहिलंय का?

पावसाळ्यानंतर, मोहिनीने सांगितलं. आणि फोन ठेवल्या ठेवल्या तिने कंपनीत नोव्हेंबरच्या आठ दिवसांच्या रजेचा अर्ज लिहायला घेतला.