खाद्याची शेवटची गाडी

अमडापूरजवळच्या आमच्या गावचा रस्ता लॉकडाऊनच्या पहिल्याच आठवड्यात बंद झाला, आणि तो बंद करणाऱ्यांत सगळ्यात पुढं मीच होतो. उगाच दुसऱ्यावर कशाला ढकलू? पुण्या-मुंबईची माणसं रोग घेऊन येऊन राह्यली, असं जो तो म्हणत होता. मी पारावर उभा राहून ओरडलो, "कोणालेच आत येऊ द्याचं नाही! सोयरा असो का बाप असो!" जेसीबी लावून रस्त्यावर आडवा चर खणला, वर बाभळीच्या काट्या टाकल्या, पहाऱ्याला माणसं बसवली. काय फुगलो होतो मी तेव्हा! अक्कल शेण खायला गेली होती माझी.

कारण वावरातल्या शेडमध्ये माझ्या हजार कोंबड्या होत्या. विकायला जेमतेम दहा दिवस बाकी. त्यांचं खाद्य बाहेरून गाडीनं यायचं आणि शेडमध्ये दोन दिवसांचंच उरलं होतं. हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. पण बाहेरून येणारं म्हटलं की मला फक्त माणसं दिसत होती, पोती दिसलीच नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी ड्रायव्हरचा फोन आला, "भाऊ, तुमच्या गावचा रस्ता कुठं गेला?" मी धावत सुटलो. चराच्या पलीकडं भरलेली गाडी उभी. मी हातानंच काट्या ओढायला लागलो, तर पहाऱ्यावरचा माझा चुलतभाऊ आडवा आला.

"हात नको लावू. किती जणाईचे हात लागले असतीन त्या पोत्याईले!"

"अबे, कोंबड्या मरतीन माह्या!"

"तूच त म्हणे ना बे, बाप असो का कोणी?"

शब्द माझेच होते. मी त्याच्या हातापाया पडलो, शिव्या दिल्या, पुन्हा पाया पडलो. तोवर गावातले आणखी चौघं काठ्या घेऊन आले. ड्रायव्हर बिचारा तासभर थांबला. मग म्हणाला, "भाऊ, माझा पास दुपारपर्यंतच आहे. पुढं लोक वाट पाहतायत." आणि त्यानं गाडी वळवली.

खाद्यवाल्याला फोन केला. तो म्हणाला, सोयाबीनची पेंड येत नाही, मजूर घरी गेले, कारखाना आजपासून बंद. आता गाडी कधी येईल ते त्यालाही माहीत नव्हतं.

बायकोनं आमची खायची ज्वारी काढली. दोन पोती होती, वर्षाची. मी भडकलो, "मंग आपण काय खाऊ?"

"आपल्याले कोणाच्या दारात जाऊन मागता येते," ती म्हणाली. "त्याईले येते का?"

ती ज्वारी दीड दिवसात संपली. मग मी घरोघरी हिंडलो, फुकट न्या म्हणालो, अगदी रडलो. पण मोबाइलवर एकच आवई फिरत होती, कोंबडीतूनच रोग येतो म्हणून. गावात भाजी मिळत नव्हती, लोक चटणीशी भाकर खात होते, तरी एक माणूस एक कोंबडी न्यायला आला नाही. व्यापारी तर फोनच उचलेना. कोंबड्या भुकेनं एकमेकींना टोचून रक्तबंबाळ करायला लागल्या. रोज पन्नास-साठ मरायच्या आणि मी खड्डे खणायचो.

बायको तरीही सकाळ-संध्याकाळ बादलीनं पाणी घेऊन जायची. ज्वारी संपल्याच्या चौथ्या दिवशी ती शेडमधून आली ती ओट्यावर बसलीच. पदर तोंडाला लावून रडायला लागली.

"आता तुम्ही जा हो," ती म्हणाली. "मले पाहून धावतात त्या. बादलीत पाहतात अन् उभ्याच राह्यतात. माह्याच्यानं नाही होत."

मी बादली उचलली, शेडचं दार उघडलं. ज्यांना चालता येत होतं त्या सगळ्या माझ्याकडेही धावल्या.