कोळशासाठी पाडलेलं बोअर

चैत्र, साल एकोणीसशे चौसष्ट. मेहकरजवळच्या आमच्या शेतात त्या सकाळी हजर: सासरे, सासूबाई, धाकटे दीर, नागपूरहून आलेले भूगर्भ खात्याचे साहेब, यंत्रावरचे मजूर आणि चहाची किटली घेऊन मी.

काळ्या दगडाखाली कोळसा असावा, असा सरकारचा अंदाज होता. निघाला तर खाण होणार. गावाला रोजगार, वीज, पक्का रस्ता. दिरांनी तर मनातल्या मनात टाकीजसुद्धा बांधून टाकलं होतं. मला म्हणाले, "वहिनी, आता किटली सोडा, हॉटेल टाका. पाटी मी रंगवून देतो."

यंत्र लावण्याआधी साहेबांनी विचारलं, "शेतात समाधी, देव, कबर काही आहे का? आत्ताच सांगा, जागा बदलतो."

सासरे म्हणाले, "काही नाही."

ते खोटं बोलत नव्हते. बारशाआधी गेलेलं मूल आमच्याकडे मोजत नाहीत. पुरुष नेतात, पुरतात, खूण ठेवत नाहीत, मागे वळून पाहत नाहीत. सासूबाईंचं पहिलं मूल याच शेतात होतं. बायका सोबत जात नाहीत, म्हणून नेमकं कुठे, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

आधी ओली माती वर आली, मग दगडाच्या लांब गोल कांड्या. मजूर त्या लाकडी पेट्यांत ओळीने मांडत. सासूबाईंनी माती बोटांनी चाळली. मग एकेक कांडी हातात घेऊन फिरवून पाहू लागल्या. साहेबांना वाटलं, बाईंना कोळशाची घाई झाली आहे.

एका दुपारी सासूबाईंनी सासऱ्यांना सगळ्यांसमोर विचारलं, "माह्यं लेकरू कोन्या अंगाले हाये?"

"मले नाही सांगता येत. तवा तिथं बोरीचं झुडूप होतं. मांगं पाहू नये म्हनतात, म्हून पाह्यलं नाही."

"अन् साहेबाले 'काही नाही' म्हनलं?"

सासरे उठून बैलांकडे गेले.

कोळसा लागला, पण फार खोल आणि पातळ. खाण परवडणार नाही, असं सांगून साहेब यंत्र घेऊन गेले. जाताना बजावलं: आत खडी, वर मुरूम, तोंडाला सिमेंट. लवकर बुजवा.

मी पाहायला गेले तेव्हा वारा पडलेला होता. तरी बोअरच्या तोंडाशी वाळली पानं सरकत होती. सकाळी ती आत ओढली जात. दुपारनंतर आतून गार, ओलसर हवा येई आणि बारीक घुमल्यासारखा आवाज. हवेचा दाब बदलला की असं होतं, असं साहेबांनी पत्राने कळवलं. मला ते पटलं. पण एका सकाळी पदराचं टोक आत ओढलं गेलं, तेव्हापासून मी तिथे वाकत नाही.

दीर मुरमाची टोपली घेऊन आले, तेव्हा सासूबाई तिथे बसलेल्या होत्या.

"श्वास घेऊन राह्यलं लेकरू. त्याचं तोंड काऊन दाबतं बे?"

दिरांनी टोपली खाली ठेवली. पुन्हा त्यांच्याने ती उचलवली नाही.

सासरे गेले, त्याला बराच काळ झाला. सासूबाईंना आता दिसत नाही, पण दुपारी माझा हात धरून तिथे येतात आणि आतली हवा तोंडावर येईपर्यंत बसतात. माझी मुलं त्याच शेतात वावरतात, म्हणून मी बोअरवर जाड फळी टाकली आहे, फट ठेवून. खडी आणून बाजूला टाकली आहे, गवंड्याला सांगून ठेवलं आहे. बोअर बुजवायचं अजून राहिलं आहे.