कोरडी कळी
दवाखान्याच्या फाटकाशी तगरीच्या ओल्या कळ्या दिसल्या की मला आमच्या गावचा, हिर्डोशीचा भैरोबा आठवतो. नर्सिंगसाठी मला पुण्यात प्रवेश मिळाला होता. आई नव्हती, घरात वडील आणि मी दोघंच, म्हणून जायचं की नाही याचा देवालाच कौल लावायचं ठरलं. वडिलांनी दोन कळ्या पाण्यात बुडवून देवाच्या दोन्ही खांद्यांना चिकटवल्या. उजवी आधी पडली तर जायचं, डावी पडली तर नाही. गाभाऱ्यात तेलाचा आणि ओल्या दगडाचा वास कोंडला होता. बऱ्याच वेळानं डावी पडली. मी रडू आवरत उठले, पण वडील हलले नाहीत. "देवा, ही गेल्यावर मी एकटा पडंन म्हणून तू न्हाई म्हणतुयास, व्हय ना? माजी काळजी नगं करूस. परत सांग." मी म्हटलं, "आबा, देवाला दोनदा इचारत्यात व्हय?" "आपल्या मानसाला इचारत्यात," म्हणत त्यांनी पुन्हा कळ्या लावल्या. या वेळी उजवी त्यांनी धोतराला पुसून नुसती टेकवली, ते मी पाहिलं. ती लगेच पडली. "बघ, बदलला देवानं इचार," म्हणून ते हसले, आणि मला एसटीत बसवून वाडीची चढण एकटेच चढून गेले. देव तेव्हा फसला, की बाप असंही करतो हे बघून चकित झाला, कोण जाणे. वडील आता नाहीत. मला मात्र अजून वाटतं, त्या कळीला त्यांनी पाणी लावायला हवं होतं.