काट्यांआडची खरपुडी

बानूबाई तशी फटकळ. पिंपळवंडीच्या माळावर कुणाचं ढोर दुसऱ्याच्या शेतात शिरलं, की धन्याला तोंडावर सुनावणारी ती पहिली. म्हणून भादव्यात तिनं जे केलं, त्याचा धक्का तिचा तिलाच जास्त बसला.

सून आशा पोटुशी होती. अन्नाचा वास आला तरी ओकारी. दत्तानं, तिच्या नवऱ्यानं, आळेफाट्याहून सफरचंदं आणली, तीही पोटात ठरेनात.

"आत्या, खरपुडी खावीशी वाटतीया," ती सासूला म्हणाली. लहानपणी मेंढरांमागं फिरताना कच्चाच खाल्लेला तो दुधाळ कंद तिला आठवला होता.

पूर्वी माळावर खरपुडीचे वेल हवे तेवढे. आता सकाळभर हिंडून बानूबाईला एकच सापडला. कंदिलासारखी फुलं लागलेली, आणि भोवती बोरीच्या काट्या रचलेल्या. अशा काट्यांचा अर्थ धनगराच्या लहान पोरालाही कळतो: कुणीतरी बियांसाठी राखलंय, हात लावू नका. बानूबाई घुटमळली. मग तिनं काट्या सारल्या, कंद उकरून काढला आणि काट्या होत्या तशा परत रचल्या. चोरी केली ती केली, वर इतकी नीटनेटकी!

आशानं कंद खाल्ला, पाठोपाठ अर्धी भाकरीही खाल्ली. बानूबाईला फार बरं वाटलं, पण ते संध्याकाळपर्यंतच.

नवरा राघू मेंढरं घेऊन उशिरा आला, गुडघे चोळतच बसला. "लांबनं आनली मेंढरं. जवळच्या वाटंला एक खरपुडी राखलीया. शेंगा तडकून बी उडू दे, माळभर व्हईल. नातवाला हुडकत फिराय नको."

बायकोला हे आधी सांगायला काय झालं होतं या माणसाला? पण राघू बोलणार तो मेंढरांशी. बानूबाईनं त्याच्यापुढं भाकरी ठेवली. सांगावं, तर आशाच्या कानावर जाणार आणि पोरीला खाल्लेलं गोड लागायचं नाही. ती गप्प राहिली आणि स्वतःचीच तिला लाज वाटली.

राघू रोज लांबून येत राहिला. गुडघे सुजले.

"अवं, जवळनं आना की," ती एकदा म्हणाली.

"अन् एखादीनं तोंड घातलं म्हंजे?"

"मग उद्या मी नेते."

सकाळी तिनं मेंढरं काढली. माळावर बघायला कुणी नव्हतं. रिकाम्या खड्ड्याच्या अलीकडंच तिनं कळप वळवला, आणि लांबूनच नेला.