अक्काचा खोकला आणि माझा हात

माझं माहेर पिंपळनेरच्या बाजूचं, सासर चोपड्याजवळच्या एका केळीच्या गावातलं. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात सासूनं माझ्या हातची शेवभाजी खाल्ली आणि गल्लीभर सांगत सुटली, "सून तिखट हातनी शे!" ते कौतुक होतं. आमच्याकडे बेचव रांधणाऱ्या बाईला कुणी विचारत नाही. सासूला सगळे अक्का म्हणतात, मीही. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी आणि लसणाचा ठेचा हेच अक्काचं खरं जेवण, बाकीचं सगळं ती पाहुण्यांसाठी करायची. माझं-तिचं जमलं ते त्या ठेच्यावर. पुढे त्याच तिखट हाताची माझ्या गळ्यात धोंड झाली.

अक्का भयंकर बोलकी बाई. जेवतानाही तिचं तोंड दोन कामं एकदम करायचं. उद्या केळीला पाणी कोण देणार, अमक्याच्या सुनेनं पाहुण्यांसमोर काय दिवे लावले, मजूर बायांनी किती वाजता काम सोडलं, सगळं ताटावर. कानबाईच्या सणात गाणं उचलायला तीच लागायची. तिचा पहिला सूर निघाल्याशिवाय बाकीच्या बाया तोंड उघडत नसत.

एका थंडीत ती तापानं पडली. ताप सहा-सात दिवसांत उतरला, पण आवाज गेला. पंधरा दिवस नुसती हवा. आवाज परत आला तेव्हा सोबत खोकला घेऊन आला. कोरडा, टोकरणारा. कफ नाही, काही नाही. "घसामा केस अडकना शे," असं म्हणून ती सारखी खाकरायची. एकदा उबळ सुरू झाली की चेहरा जांभळा होईपर्यंत थांबायची नाही.

चोपड्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, ॲसिडिटी. मग आम्ही जळगावला मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पोटात दुर्बीण घातली आणि तेच सांगितलं. रात्री झोपल्यावर पोटातलं आंबट पाणी वर घशात येतं, त्यानं घसा जळतो, म्हणून खोकला. सकाळी उपाशीपोटी एक गोळी, संध्याकाळी एक. पलंगाच्या डोक्याच्या बाजूला खाली दोन विटा. तिखट, तेल, आंबट, चहा, सगळं बंद. त्यांनी हे कागदावर लिहून दिलं आणि माझ्या नवऱ्यानं तो कागद फडताळाच्या दाराला चिकटवला.

कागद लागला त्या दिवसापासून खोकला माझा झाला. म्हणजे खोकायची अक्का, पण चूक माझी. औषध चालू आहे, विटा लागल्या आहेत, तरी खोकला जात नाही म्हटल्यावर उरलं काय? स्वयंपाक. स्वयंपाक कोण करतं? मी. हा हिशेब आमच्या घरात कुणी मोठ्यानं मांडला नाही, पण सगळ्यांनी मनात केला. अक्का मुगाच्या पातळ वरणाचा एक घास घ्यायची, काहीतरी सांगायला तोंड उघडायची आणि उबळ यायची. मग सगळ्यांच्या नजरा ताटावरून माझ्याकडे. "तुना हातलेच मिरची लागेल शे," अक्का डोळे पुसत म्हणायची. आता ते कौतुक नव्हतं.

मी मिरची वेगळ्या पाट्यावर वाटू लागले. मग घरातली मिरचीच बंद केली. माझ्या दोन्ही पोरींनी वरणभातापुढे रडून घेतलं. खोकला तसाच. जामनेरला दिलेली माझी नणंद पंधरा दिवस येऊन राहिली आणि चूल आपल्या ताब्यात घेतली. मी माझ्याच स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर बसून लसूण सोलत होते. नणंदेच्या हातचं खाऊनही अक्का तितकीच खोकली. आता तरी यांचे डोळे उघडतील असं मला वाटलं. पण नणंदेनं शोध लावला की इतक्या वर्षांचं तिखट भांड्यांत मुरलंय. सगळी भांडी नवी आली. त्या बाईच्या अकलेला मी आजही मनातल्या मनात हात जोडते.

अशी दोन वर्षं गेली. मी आधीच तापट. त्यात रोज जेवणाच्या वेळी आरोपी म्हणून उभं राहायचं. एका सकाळी अक्काला पोह्यांवर उबळ आली आणि नवऱ्यानं बशी भिंतीवर भिरकावली. "तू मनी मायले मारी टाकशी," तो म्हणाला. पुन्हा असं झालं तर पिंपळनेरला नेऊन सोडीन, आणि घ्यायला येणार नाही, हेही म्हणाला. चुलतदीर ओट्यावर बसलेले होते. दोन्ही पोरी दप्तर लावून दारात उभ्या होत्या. अक्का काही बोलली नाही. बोलायला तिच्याकडे श्वास नव्हता, पण तेव्हा मला ते सुचलं नाही. मला एवढंच दिसलं की तिनं मला सोडवलं नाही.

तीन दिवस मी तिच्याशी बोलले नाही, तीही माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी नवरा केळीच्या व्यापाऱ्याकडे गेला होता, पोरी शाळेत. मी परसातल्या झाडाच्या पाच हिरव्या मिरच्या तोडल्या. बारीक, काळपट, नुसत्या बघून घाम फुटावा अशा. तव्यावर भाजल्या, लसूण घातला, रगडल्या आणि सगळ्याच्या सगळ्या अक्काच्या वरणात कालवल्या. हे मी रागानं केलं. दुसरं कुठलंही नाव मी त्याला देणार नाही. उगीच माझ्या डोक्यावर खापर फोडता ना, मग एकदा खरोखरच फोडा, असं माझ्या मनात होतं. तिला ठसका लागायला हवा होता, जिवाच्या आकांतानं खोकायला हवी होती, आणि ते बघत मला दारात उभं राहायचं होतं. मी उभी राहिलेही.

अक्कानं पहिला घास घेतला आणि थांबली. वर माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून जेवू लागली. कपाळावर घाम आला, नाक वाहू लागलं, ते पदरानं पुसत ती भाकरी मोडत राहिली, वरणात बुडवत राहिली. वाटी बोटानं निपटून घेतली. खोकला आला नाही. एकदाही नाही. वाटी पुढे सरकवून ती म्हणाली, "आज चव शे. आजून वाढ."

मी वाढलं. तिनं तेही संपवलं. नंतर दोन तास मी भांडी घासायचं सोडून तिच्या श्वासाकडे कान लावून बसले. काही नाही. दुपारी शेजारीण आली, अक्कानं तिला "ये, बस" म्हटलं, लेकीची चौकशी सुरू केली आणि तिसऱ्या वाक्याला उबळ आली.

तेव्हा मला कळलं. खोकला खाण्यानं येत नव्हता, बोलण्यानं येत होता. आमचा अबोला होता म्हणून ती गप्प जेवली, म्हणून खोकली नाही. पुढचे आठ दिवस मी तिच्यावर पाळत ठेवली. फोनवर बोलली की खोकला. हसली की खोकला. कूलरचा गार वारा मानेवर आला की खोकला. गळ्यातली माळ सारखी करताना डाव्या बाजूला बोट लागलं तरी खोकला. मुकाट्यानं जेवली तर काही नाही. जे जळगावच्या दुर्बिणीला दिसलं नव्हतं ते पाच मिरच्यांनी मला दाखवलं होतं.

आणि मी ते कुणालाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पहिला प्रश्न आला असता, तुला कसं कळलं? मिरचीचं लपवून बाकीचं सांगता आलं असतं, हेही मला माहीत होतं. "यांना बोलताना खोकला येतो" एवढंच डॉक्टरांना म्हणायचं होतं. एकदा म्हणूनही पाहिलं, नवऱ्याजवळ. "सोतानी चूक झाकस का?" तो म्हणाला. मी तिथंच थांबले. खरं सांगायचं तर थांबायला मला निमित्तच हवं होतं. कारण त्या दुपारनंतर अक्कानं माझ्या हाताला नावं ठेवणं बंद केलं होतं. नवरा बडबडला तरी ती हातानं त्याला गप्प करायची. मला वाटलं, घाबरली. मी काय करू शकते ते तिनं पाहिलंय, म्हणून घाबरली. मला त्याचं थोडं बरंही वाटायचं.

अशी आणखी दोन वर्षं गेली. त्या दोन वर्षांत अक्का हळूहळू बंद पडत गेली. आधी लग्नाकार्याला जाणं सोडलं, कारण खोकताना कपडे ओले व्हायचे. मग एसटीत बसणं सोडलं, लोक तोंड फिरवून दुसऱ्या बाकावर जायचे. कानबाईच्या सणात गाणं दुसऱ्या बाईनं उचललं, अक्का आत भिंतीकडे तोंड करून बसली. जेवताना बोलणं तर केव्हाच थांबलं होतं. ॲसिडिटीच्या गोळ्या मात्र चालूच, विटा तशाच. मी रोज तिच्यासमोर मिळमिळीत वरणाची वाटी ठेवायची, आणि वाटी ठेवताना मला माहीत असायचं की हे सगळं फुकट आहे.

मग एकदा उबळीत तिची बरगडी मोडली. छातीचा फोटो काढणाऱ्या डॉक्टरांनीच धुळ्याच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. त्यांनी नाकातून बारीक नळी घातली, "ई" म्हणायला लावलं, पडद्यावर बराच वेळ पाहिलं. मग अक्काच्या मानेवर डाव्या बाजूला एका जागी बोट टेकवलं. उबळ फुटली. बोट काढून त्या म्हणाल्या, "हे ॲसिड नाही. चार वर्षांपूर्वीच्या तापात घशाची नस दुखावली. पंपाच्या वायरचं वरचं कव्हर गेलं की नुसता हात लागला तरी करंट बसतो ना, तसं झालंय. घशात काही नसताना नस सांगते की काहीतरी अडकलंय."

नवरा वहीत लिहून घेत होता. बाईंनी विचारलं, "तिखट खाल्ल्यावर खोकला वाढतो, असं कधी दिसलं?"

"हो, वाढतो ना," नवरा म्हणाला.

"आजींना विचारतेय. की तिखट खाऊनही आला नाही, असं कधी झालंय?"

मी फरशीकडे पाहत होते. अक्का माझ्याकडे पाहतेय हे मान वर न करताही मला कळत होतं. ती म्हणाली, "ध्यान नही."

नसांच्या दुखण्याच्या गोळ्या सुरू झाल्या, मानेत दोनदा इंजेक्शन दिलं. लवकर आलो असतो तर जास्त फरक पडला असता का, असं नवऱ्यानं विचारलं. "बहुतेक पडला असता," बाई म्हणाल्या. "नस जितकी जुनी बिघडलेली, तितकी ती हट्टी." खोकला निम्म्यावर आला. अक्काला सलग झोप लागू लागली. आवाज आला नाही. आता ती दोन वाक्यं बोलते, थांबते, पाणी पिते. तिसरं वाक्य बहुधा राहूनच जातं.

घरी आल्यावर नवऱ्यानं फडताळावरचा कागद फाडला आणि स्वतः बाजारातून मिरची आणली. माफी मागणं त्याच्या घराण्यात नाही.

पुढे काही दिवसांनी अक्का ओट्यावर बसली होती, मी शेजारी ज्वारी निवडत होते. घरात दुसरं कुणी नव्हतं. तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला. "त्या दिनले तू माले तिखट खावाडं," ती म्हणाली. "खोकला उना नही. माले तव्हयच समजनं व्हतं." थांबली, खोकली. मी उठायला लागले तर हात सोडेना. "सांगं असतं ते पोऱ्यानं तुले घरमा र्‍हाऊ दिधं नसतं. तुना जीव जयना मनाकरता, म्हनीसन तू खावाडं. तुले कशी फसाडू?"

एवढं बोलायला तिला चारदा थांबावं लागलं.

म्हणजे दोन वर्षं ती मला घाबरत नव्हती, झाकत होती. बेचव खाऊन, बरगडी मोडेपर्यंत खोकून, धुळ्याच्या डॉक्टरीणबाईंना खोटं सांगून. सासूचे हाल बघवेनात म्हणून मी चोरून तिला तिच्या आवडीचं खाऊ घातलं, असं ती धरून चालली होती, आणि त्या मायेपायी मी घराबाहेर जाऊ नये म्हणून तिनं तोंड बंद ठेवलं होतं. तिचा हात माझ्या मनगटावर तसाच होता. "जयना व्हता ना जीव?" तिनं विचारलं.

मी मान हलवली. हो म्हणून.