गोष्टीची सावड

बेडसे गावात लोक येतात ते लेणी बघायला. पायऱ्या चढतात, खांबांपुढे फोटो काढतात आणि खाली येऊन विचारतात, "इथे आणखी काय बघण्यासारखं आहे?" आम्ही काही नाही म्हणतो. अंबाजीआबा बघण्यासारखे नाहीतच. ऐकण्यासारखे आहेत, आणि त्यांना ऐकायचं तर भाताच्या खळ्यावर यावं लागायचं.

गावात यंत्र आलं नव्हतं तेव्हा भात सावडीने झोडायचे. आज तुझ्या खळ्यावर आम्ही सगळे, उद्या माझ्या खळ्यावर तू. पेंढी दोन्ही हातांत धरायची, लाकडी बाकावर आपटायची, दाणे खाली, पेंढा मागे. काम कंटाळवाणं. थोड्या वेळात दंड भरून येतात आणि जो तो तंबाखूच्या निमित्ताने उठायला बघतो. कुणी उठू नये म्हणून आबा होते. ते बांबूच्या पालथ्या पाटीवर बसून गोष्ट सांगायचे. स्वतः झोडायचे नाहीत. त्यांची बायको झुंबरमावशी सगळ्यांत जोरात पेंढी आपटत म्हणायची, "आमच्या मालकांच्या जिभेला घट्टे पडलेत, हाताला न्हाई."

पण पाटीवर बसून आबांचं काम चालूच असायचं. एक डोळा ऐकणाऱ्यांवर, एक डोळा पेंढ्यांच्या उडवीवर. पहिल्या चार-दोन पेंढ्या झोडून व्हायच्या आत गोष्टीतल्या माणसाचं काहीतरी गेलेलं असायचं. बहुतेक वेळा म्हैस. माणूस कुठला, गोठा कसा, असलं लांबण नाही. "सकाळी उठून बघतो, तर दावं हाय, म्हस न्हाई." झालं, सगळे हात चालू. ऊन चढेल तसे त्या माणसाचे हाल वाढायचे. आधी वाट चुकायची, मग ज्याच्याकडे मदत मागावी तोच वैरी निघायचा. जेवणाची सुट्टी व्हायची ती माणूस कड्याला लोंबकळत असताना, म्हणजे लोक भाकरी कशीबशी गिळून लवकर परत येणार. उडवी मोठी उरली असेल तर म्हैस आणखी एक डोंगर चढायची. लहान असेल तर बिचारी पायथ्याशीच सापडायची. शेवटची पेंढी खळ्याचा धनी झोडायचा, आबांच्या खळ्यावर झुंबरमावशी, आणि तिच्याबरोबर गोष्ट संपायची. आधी नाही, नंतर नाही.

मग मळणीचं यंत्र आलं. त्या घरघराटात म्हशीचं कोण ऐकणार? पोरं तळेगावला कंपन्यांत लागली, आबांचा पोरगा कैलाससुद्धा. आबांची पाटी शेणाला लागली.

यंदा आबांच्या खाचराची वाट एका नव्या बंगल्याच्या कुंपणात गेली. पायवाट उरली, पण यंत्र आत जाईना. भात कापून उडवी रचलेली, आणि दिवाळी उलटल्यावर आभाळ भरून यायला लागलं. उडवी भिजली की दाण्याला मोड येणार. घरचा वर्षाचा तांदूळ तेवढाच. कैलासला सुट्टी मिळेना.

आबा देवळापुढे आले. आम्ही पाच-सहा जण बसलो होतो.

"सावड घाला म्हणतो, पोरांनो."

कुणी काही बोलेना. शेवटी संदेश बोलला. त्याच्या बापाने आबांच्या गोष्टी ऐकत जन्मभर पेंढ्या आपटल्या होत्या.

"आबा, सावड हाताची असती. तुमी कुणाच्या खळ्यावर हात लावलाय?"

"गोष्ट सांगायचो की."

"ती कशात धरायची?"

एवढ्या गोष्टी सांगितलेला माणूस, पण नुसताच उभा राहिला. जुन्या सावडीतली चंपामावशी देवळातून बाहेर येत होती. ती म्हणाली, "संद्या, तुझा बाप दुपारनंतर खळ्यावरनं घरी का पळायचा न्हाई, ते इचार की त्याला."

संदेश म्हणाला, "येतो. पण ह्या खेपेला आबांनी झोडायचं."

"आन् गोष्ट?" आबांनी विचारलं.

"हा लिहितो-बिहितो ना, ह्याला बसवा पाटीवर." हा म्हणजे मी.

दुसऱ्या दिवशी आबा बाकापाशी उभे राहिले आणि मी पाटीवर. मी सुरुवात केली, "सह्याद्रीच्या कुशीत, पवनेच्या निसर्गरम्य खोऱ्यात, हिरव्यागार वनराईने नटलेलं…"

आबांनी मान वर न करता विचारलं, "म्हस कवा जानार?"

मी वनराई आवरती घेतली, पण मागोमाग गावाचा इतिहास सुरू केला. झोडायला आलेल्यांपैकी पायलने मोबाईल काढला. गौरव पाणी आणायला गेला तो तिकडेच रमला. हात मंदावले, उडवी होती तेवढीच दिसत होती, आणि तुंग किल्ल्याच्या बाजूने ढग पुढे सरकत होते. आबा एकदा ढगांकडे बघत होते, एकदा माझ्याकडे.

मी इतिहास सोडला. "एक म्हातारा होता. त्याचं भात रानात पडलं होतं, वर आभाळ आलं होतं, आणि त्याने जन्मात कधी पेंढी झोडली नव्हती."

झुंबरमावशी फिसकन हसली. गौरव कळशी घेऊन परत आला. पेंढ्या आपटायला लागल्या.

म्हातारा गावात गेला. तिथे त्याला एक जण आडवा आला.

"माझं नाव घालू नको," संदेश म्हणाला.

"मग वैरी कुणाला करू?"

"बरोबर हाय त्याचं," आबा दम खात म्हणाले. "वैऱ्याबिगर म्हातारा चालायचा कसा?"

जेवणाला मी थांबलो ते म्हातारा देवळापुढे उभा आहे आणि कुणी बोलत नाही अशा जागी. पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत होतं, निम्मे तर तिथे हजर होते. तरी भाकऱ्या लवकर संपल्या.

उन्हं कलली तेव्हा एकच पेंढी उरली. दाण्यांची रास कोरडी, ढग डोक्यावर. आबांचे हात सोलवटले होते. त्यांनी पेंढी उचलली आणि तशीच वर धरली.

"शेवट सांग."

"गाव आलं, भात झोडून झालं."

"ते समोर दिसतंय. म्हाताऱ्याचं काय झालं?"

पोती शिवायला बसलेला संदेश खाली बघूनच म्हणाला, "मग तो वैरी म्हणाला, माझं भात बी उडवीतच हाय. परवा यंत्र सांगितलंय, ते नको म्हणून कळवतो. परवा म्हाताऱ्याने यायचं."

आबांचे हात अजून वरच होते. "झोडायला?"

"न्हाई. पाटी घेऊन."

आबांनी पेंढी आपटली. दाणे उडून पार झुंबरमावशीच्या पदरात गेले.

"शेण काढावं लागंल पाटीचं," ती पदर झटकत म्हणाली.