पाच ताटं जमू दे

रेखा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेसची ताटं पुसत होते. हातातलं पुसून ठेवलं, मग खाली बसले. दीड महिना झाला... रेखा माझ्या बहिणीची मुलगी. भूकंपात घराची भिंत पडून बहीण गेली, ही वाचली आणि लातूरला माझ्याकडे आली.

पुढं शिकवण्यांसाठी गावोगावची पोरं लातुरात येऊ लागली, तेव्हा मी मेस काढली. ताटं तीस, पोरं शंभर. सुरुवातीला सगळ्यांना आत घेतलं आणि कितीतरी जण नुसते उभे राहून उपाशी क्लासला गेले. मग ताटं संपली की पोरांना दाराबाहेरच थांबवू लागले. रेखा चिडवायची, "मावशे, ताट रिकामं झालं की, उठ ना!" मी म्हणायची, "गुडघे तुझे हायत का? पाच जमू दे, एकदाच उठून पाच पोरं आत घेते."

रेखा इंजिनिअर झाली. भिंत हलली की तारेशिवाय निरोप धाडणारी डबी तिनं बनवली, आत इवलासा सेल. आमच्या गावच्या नव्या शाळेवर तशा डब्या बसवल्या. पण साधा ट्रॅक्टर गेला तरी निरोपांची गर्दी व्हायची. डबी पाठवणार सावकाश, त्यामुळं डबीतल्या रांगेत न मावलेले निरोप वाया जायचे. ते थांबवून धरावेत, तर रांगेत एकेक जागा मोकळी झाली की डबी जागी व्हायची आणि सेल महिन्यात संपायचा. हेडमास्तर तिला म्हणाले, "बाई, दिवाळीपर्यंत जमलं न्हाई तर काढून न्या."

एका दुपारी ती माझ्या मेसमध्ये तोंड पाडून बसली होती. एकदम म्हणाली, "मावशे, तू पाचालाच का उठतीस?"

"परत तेच? सांगितलं की, गुडघे!"

हसली आणि भरलं ताट टाकून पळाली. अन्न टाकलं म्हणून मी शिव्या घातल्या. तिनं मग रांग भरली की नवा निरोप दारातच थांबवला, आणि बऱ्याच जागा मोकळ्या होईपर्यंत डबीला उठवलं नाही. निरोप वाया जाईनात, सेल वर्षभर पुरला. डब्या शाळेवरच राहिल्या.

दवाखान्यात शेवटचं भेटले तेव्हा तिला बोलायचा त्रास होत होता, तरी विचारलंच, "पाचच ना अजून?"

"आता सहा. गुडघे आणखी गेले."

परवा शाळेत जाऊन आले. डबी जागी झाली की लागणारा हिरवा दिवा एकदा लागला, विझला. मी उभी राहिले... बऱ्याच वेळानं परत लागला. वर्गात पोरं पाढे म्हणत होती.

परत येऊन मेसच्या दारात बसले. पोरं ओरडत होती, "मावशी, ताट रिकामं झालं!" सहा जमेपर्यंत मी काही उठले नाही.